शतांश सेकंदानंतर

२१ ऑगस्ट २०१८, जकार्ता. आशियाई क्रीडा स्पर्धेतली पुरुषांची ५० मीटर फ्रीस्टाइल, अंतिम फेरी. आठ जण ब्लॉकवर वाकले, भोंगा वाजला आणि अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं संपलंसुद्धा. चीनचा यू हेशिन २२.११ सेकंद, जपानचा कात्सुमी नाकामुरा २२.२०, जपानचाच शुनिची नाकाओ २२.४६. चौथा आला भारताचा, आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे. वेळ २२.४७.

फरक सेकंदाच्या शंभराव्या भागाचा. त्या वेगाने पोहणारा माणूस एवढ्या वेळात साधारण दोन सेंटीमीटर पुढे सरकतो. तर्जनीचं एक पेर मोजून पाहा, तेवढंच अंतर. तिसऱ्याला पदक मिळालं, चौथ्याचं नाव निकालपत्रावर राहिलं.

यात जिवाला लागणारी गोष्ट वेगळीच आहे. त्याच दिवशी प्राथमिक फेरीत वीरधवलने २२.४३ ही वेळ दिली होती. तो नवा राष्ट्रीय विक्रम होता. तीच वेळ अंतिम फेरीत आली असती, तर कांस्य त्याचं होतं. म्हणजे त्या दिवशी पदकाच्या वेगाने तो पोहला होताच, फक्त पदक ठरायच्या वेळी पोहला नाही. तेव्हा त्याचं वय २६ वर्षं, आठ दिवसांत सत्तावीस पूर्ण होणार होती. हुद्दा तहसीलदार, महाराष्ट्र शासन.

पन्नास मीटरच्या शर्यतीत चूक सुधारायला जागाच नसते. चारशे मीटर, दीड हजार मीटर पोहणाऱ्याला मधे सावरून घेता येतं, भिंतीला पाय लावून वळताना शेजारच्या लेनवर नजर टाकता येते. इथे वळणच नाही. भोंगा वाजल्यापासून पाय ब्लॉकवरून सुटेपर्यंत सेकंदाचे सहा-सात दशांश गेलेले असतात. मग सूर, मग पाण्याखाली माशासारख्या कमरेतून मारलेल्या किक. पंधरा मीटरच्या आत डोकं वर आलंच पाहिजे, हा नियम. त्यानंतर नुसते हात. पट्टीचे स्प्रिंटर सबंध शर्यतीत एकदा श्वास घेतात, काही तोही घेत नाहीत, कारण मान वळवली की तेवढाच वेग मोडतो. आणि शेवटी भिंत. भिंतीवर दाबाने वेळ नोंदवणारी पट्टी बसवलेली असते. तिला नुसता स्पर्श चालत नाही, ती दाबली जावी लागते. शेवटचा हात पूर्ण पडला आणि भिंत अजून वीतभर लांब असली, तर पोहणाऱ्यापुढे दोनच मार्ग असतात. हात तसाच ताणून सरकत जायचं, नाहीतर आणखी एक तोकडा हात मारायचा. हा निर्णय फुप्फुसं जळत असताना, डोळ्यांसमोर फेस असताना, विचार करायला वेळच नसताना घ्यायचा असतो. तो खरं तर घेतलाच जात नाही. वर्षानुवर्षं पहाटे जे शरीरात मुरलेलं असतं, ते त्या क्षणी आपोआप घडतं.

या एका शतांशाने किती जणांची आयुष्यं वळवली आहेत! १९८८च्या सोल ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा मॅट बियाँडी १०० मीटर बटरफ्लायमध्ये शेवटपर्यंत पुढे होता. भिंतीशी त्याचा हात चुकीच्या अंतरावर संपला, तो सरकत गेला, आणि सुरिनामसारख्या चिमुकल्या देशाच्या अँथनी नेस्टीने त्याला ५३.०१ विरुद्ध ५३.०० असं हरवलं. वीस वर्षांनी, २००८ साली बीजिंगमध्ये, त्याच शर्यतीत सर्बियाचा मिलोराद चाविच असाच सरकत गेला. मायकेल फेल्प्सने मात्र आणखी एक अर्धामुर्धा हात मारला. फेल्प्स ५०.५८, चाविच ५०.५९. सर्बियाने तक्रार केली, चित्रण तपासलं गेलं, निकाल कायम राहिला. फेल्प्सच्या त्या वर्षीच्या आठ सुवर्णांपैकी हे सातवं.

त्याच बीजिंगमध्ये, त्याच निळ्या तलावात, त्याच आठवड्यात कोल्हापूरचा एक मुलगा उतरला होता. वीरधवलचं वय तेव्हा सोळा. त्याने ५०, १०० आणि २०० अशा तिन्ही फ्रीस्टाइल शर्यती पोहल्या. १०० मीटरची त्याची वेळ होती ५०.०७. अंतिम फेरी लांबच होती, पण सोळाव्या वर्षी एवढी वेळ देणाऱ्या मुलाकडे कुठल्याही देशाने डोळे लावून बसावं, अशी ती वेळ होती.

शतांशाच्या खाली का मोजत नाहीत, असं बऱ्याच जणांना वाटतं. एकेकाळी मोजत होते. १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर मेडलेत स्वीडनचा गुन्नार लार्सन आणि अमेरिकेचा टिम मॅकी दोघांचीही वेळ शतांशापर्यंत सारखीच आली. मग सहस्रांश पाहिले गेले. लार्सन ४:३१.९८१, मॅकी ४:३१.९८३. चारशे मीटर पोहून झाल्यावर फरक निघाला साधारण तीन मिलीमीटरचा, आणि एकाला सुवर्ण, दुसऱ्याला रौप्य मिळालं. पुढे हा प्रकार बंद झाला. कारण अगदी साधं आहे. पन्नास मीटरचा तलाव बांधताना लांबीत तीन सेंटीमीटरपर्यंत जास्तीची सूट नियमानेच दिलेली असते. काँक्रीट आणि फरशी त्याहून काटेकोर बसवणं अवघड. दोन लेनच्या लांबीतच इतका फरक असू शकतो, तिथे मिलीमीटरवरून जिंकणारा ठरवायचा कसा? म्हणून आता शतांशाला बरोबरी झाली की पदक दोघांना. २०१६ साली रिओत १०० मीटर बटरफ्लायचं रौप्य तर तिघांना दिलं गेलं. फेल्प्स, चॅड ल क्लो आणि लास्लो चे, तिघेही ५१.१४.

आता तीन सेंटीमीटरची सूट आणि शतांशाचे दोन सेंटीमीटर शेजारी ठेवून पाहा. म्हणजे शतांशसुद्धा काँक्रीटच्या मर्यादेच्या आतच बसतो. जकार्ताच्या तलावात काही कमीजास्त होतं, असं मला अजिबात सुचवायचं नाही. सांगायचं एवढंच, की ज्या फरकावरून आपण एखाद्याला पदकविजेता म्हणतो आणि दुसऱ्याला विसरतो, तो इतका बारीक असतो. ते दोन सेंटीमीटर कुठे गेले, याचा शोध तलावात घेऊन भागणार नाही. तो त्याच्या आधीच्या आठ वर्षांत घ्यावा लागेल.

कोल्हापूरला पाण्याचं वावडं कधीच नव्हतं. पंचगंगेचा घाट, रंकाळा, मळ्यातली विहीर. पाठीला डबा बांधून पोरं पाण्यात ढकलली जायची आणि दोन दिवसांत काठावरून मुटके मारायला लागायची. पुराच्या पाण्यात पुलावरून उड्या घेणारे बहाद्दर तर पावसाळ्यागणिक दिसत. पण हे पोहणं आणि स्पर्धेचं पोहणं यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. विहिरीतला पट्टीचा पोहणारा तास न् तास तरंगेल, तळाची घागर काढून आणेल, पण पन्नास मीटर तेवीस सेकंदांत जायचं तर त्याला सगळं नव्याने शिकावं लागेल. हात पाण्यात कोणत्या कोनात शिरतो, कोपर किती वर राहतं, पाय घोट्यापासून किती सैल आहेत. कुस्तीच्या या गावात खुराक, मेहनत आणि वस्ताद यांचं मोल घरोघरी कळतं, त्यामुळे असा मुलगा तिथे निघाला याचं नवल नाही. पण त्याला पुढे जायचं तर गाव सोडावं लागलं. वीरधवल बंगळुरूला गेला, निहार अमीन यांच्या हाताखाली. शाळकरी वयात घर सोडून दुसऱ्या राज्यात राहायचं, आणि कशासाठी, तर एका निळ्या आयतात रोज काही किलोमीटर इकडून तिकडे जाण्यासाठी.

तो रोजचा दिनक्रम पाहायचा असेल तर कोणत्याही जिल्ह्याच्या गावातल्या तलावावर पहाटे साडेपाचला जाऊन पायऱ्यांवर बसावं. डिसेंबरातही पाण्यावरून वाफ निघत असते. आया मांडीवर टॉवेल आणि डबा घेऊन बसलेल्या, बाप हातातल्या मोबाइलवर सेकंद मोजणारे. बाराएक वर्षांची एक मुलगी भिंत धरून धापा टाकते आहे, गॉगलच्या रबराने डोळ्यांभोवती लाल वर्तुळं उमटलेली, क्लोरीनने केसांची टोकं तांबूस झालेली. सर काठावरून स्टॉपवॉच दाखवतात, एकही शब्द बोलत नाहीत. ती आकडा वाचते, गॉगल खाली ओढते आणि पुन्हा निघते. शाळा सात-वीसची. संध्याकाळी पुन्हा दोन तास. सुट्टीच्या दिवशी कोणी आराम केला तर सोमवारी हाताला पाणी लागत नाही, असं ही मुलं म्हणतात. ‘पाणी लागणं’ म्हणजे पाण्याची पकड येणं. जलतरणपटूचं हेच दुखणं आहे, की पाण्याची ही पकड जमिनीवर सांभाळून ठेवता येत नाही. धावपटू रस्त्यावर धावेल, पैलवान घरात जोर काढील. पोहणाऱ्याला तलावच लागतो, तोही पन्नास मीटरचा, आणि रोज. फेल्प्सने ऐन भरात असताना काही वर्षं रविवार, नाताळ, वाढदिवस यांतला एकही दिवस पाण्याबाहेर काढला नव्हता, तो याच कारणाने.

बीजिंगनंतर दोन वर्षांनी, २०१०च्या ग्वांगझू एशियाडमध्ये वीरधवलने ५० मीटर बटरफ्लायमध्ये २४.३१ वेळ देऊन कांस्य जिंकलं. या पदकाचं वजन कळायला थोडं मागे जावं लागतं. १९५१ साली दिल्लीत पहिलं एशियाड भरलं तेव्हा सचिन नाग यांनी १०० मीटर फ्रीस्टाइल जिंकली. एशियाडमधलं भारताचं ते कुठल्याही खेळातलं पहिलं सुवर्ण. त्यानंतर जलतरणातलं पुढचं वैयक्तिक पदक थेट १९८६ साली, सोलला खजानसिंगचं २०० मीटर बटरफ्लायमधलं रौप्य. मग पुन्हा चोवीस वर्षं काही नाही. मग हा एकोणीस वर्षांचा मुलगा. २०११ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यानंतर राज्य सरकारची नोकरी, आणि ती शिपायाची वा कारकुनाची नव्हे, थेट तहसीलदाराची. मालवणला.

इथे मला जपून लिहायला हवं, कारण ही नोकरी म्हणजे अन्याय होता, असं माझं म्हणणं नाही. उलट. ज्या देशात पदकविजेते रिक्षा चालवताना आणि पदकं विकायला काढताना सापडतात, तिथे एखादं राज्य विशीतल्या खेळाडूला राजपत्रित अधिकारी करतं, हे मानाने घेण्यासारखं आहे. महाराष्ट्रात खेळाडूंना सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे, आणि मोठी पदकं मिळवणाऱ्यांना थेट नियुक्तीही मिळते. धावपटू ललिता बाबर महसूल खात्यात आल्या, पैलवान राहुल आवारे पोलीस उपअधीक्षक झाला. मध्यमवर्गीय घरातल्या आईबापांना मुलाने पहाटे चारला उठून तलावावर जावं असं वाटतं, त्यामागे अशा उदाहरणांचा मोठा हात असतो.

पण तहसीलदाराचा दिवस कसा असतो, हे ज्याने सातबाऱ्यावरची नोंद दुरुस्त करून घ्यायला खेटे घातले आहेत त्याला विचारा. फेरफार, दाखले, पंचनामे, वाळूच्या चोरट्या गाड्या, मोर्चाचं निवेदन, मंत्र्यांचा दौरा, मतदारयाद्या, अतिवृष्टीनंतर नुकसानीचे आकडे. रात्री साडेअकराला फोन येतो आणि उचलावा लागतो. कोकणात पावसाळ्याचे चार महिने तर आपत्ती व्यवस्थापन हेच मुख्य काम. तालुक्याचा दंडाधिकारी असलेला माणूस ‘माझा सकाळचा सेट राहिलाय’ म्हणून उठून जाऊ शकत नाही. आणि मालवणात चहूकडे पाणी असलं तरी ते समुद्राचं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती कितीही फेऱ्या मारा, तिथे भिंत नाही, लेन नाही, पन्नास मीटरचं माप नाही. लांब पल्ल्याच्या पोहणाऱ्याला तिथे दम मिळेल, पण स्प्रिंटरला वेग मिळणार नाही.

एकोणीस ते सत्तावीस हा स्प्रिंट पोहणाऱ्याच्या ताकदीचा काळ. ग्वांगझू आणि जकार्ता यांच्यामधली वीरधवलची वर्षं नेमकी हीच. या काळात तो पोहणं सोडून बसला नव्हता, स्पर्धांत दिसतही होता, पण सराव आणि खुर्ची यांची ओढाताण सुरूच होती. मग २०१८च्या आधी त्याने पुन्हा बंगळुरूला अमीन यांच्याकडे जाऊन सराव धरला. आणि मग जकार्ता. ज्या राष्ट्रीय विक्रमाला त्याने तिथे मागे टाकलं तो त्याचाच होता, २००९ मधला, २२.५२ सेकंदांचा. हे २००९ साल म्हणजे जलतरणातलं रबरी पोशाखांचं साल. पाण्यावर अंग उचलून धरणारे ते पोशाख घालून त्या एका वर्षात जगभर विक्रमांचा पाऊस पडला आणि १ जानेवारी २०१०पासून त्यांच्यावर बंदी आली. त्या काळातली वेळ साध्या पोशाखात मोडणं किती अवघड असतं हे जाणकारांना ठाऊक आहे. वीरधवलने ती मोडली, तीही मधली वर्षं अशी गेलेली असताना. म्हणूनच मला राहून राहून वाटतं, त्या आठ वर्षांत त्याला सलग पाणी मिळालं असतं, तर जकार्तात २२.४७ ऐवजी काय आलं असतं? आकडा मी सांगू शकत नाही. पण दोन सेंटीमीटर म्हणजे काही फार मागणं नव्हतं.

जिंकलेल्यांची पुढची वर्षं तरी सुखाची जातात का, असा प्रश्न मनात येतोच. फेल्प्सचं उदाहरण सगळ्या जगाला माहीत आहे. अठ्ठावीस ऑलिंपिक पदकं, त्यांतली तेवीस सुवर्णं, आणि तरी लंडन ऑलिंपिकनंतर त्याला जगणं नकोसं झालं होतं हे त्याने स्वतः जाहीरपणे सांगितलं. २०१४ साली दारू पिऊन गाडी चालवताना तो पकडला गेला, ॲरिझोनातल्या उपचार केंद्रात राहिला, मग रिओत परत येऊन पाच सुवर्णं जिंकला. पुढे त्याने ऑलिंपिक खेळाडूंच्या नैराश्यावर एका माहितीपटाची निर्मिती केली, त्यात तो स्वतः बोलला. ऑस्ट्रेलियाच्या इयन थॉर्पने तर चोविसाव्या वर्षीच निवृत्ती घेतली आणि नंतर आपल्या आजारपणाबद्दल पुस्तकात मोकळेपणाने लिहिलं.

मला मात्र या सगळ्यांत शेन गूल्डची गोष्ट सर्वांत जास्त विचारात पाडते. ऑस्ट्रेलियाची ही मुलगी १९७२ सालच्या सुरुवातीला, पंधराव्या वर्षी, १०० मीटरपासून १,५०० मीटरपर्यंत महिलांच्या फ्रीस्टाइलचे सगळे जागतिक विक्रम एकाच वेळी स्वतःच्या नावावर बाळगून होती. म्युनिकमध्ये तिने पाच वैयक्तिक पदकं मिळवली, त्यांतली तीन सुवर्ण. पुढच्याच वर्षी, सोळाव्या वर्षी, तिने स्पर्धा सोडली. अठराव्या वर्षी लग्न केलं आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात मार्गारेट रिव्हरजवळ शेतीवाडीत जाऊन राहिली. मुलं वाढवली, घोडे पाळले, समुद्राच्या लाटांवर सर्फिंग केलं. पंचवीसेक वर्षं क्रीडाजगताला तिचा पत्ता नव्हता म्हटलं तरी चालेल. मग ती सावकाश परतली. प्रौढांच्या स्पर्धांत पुन्हा पोहू लागली, आपल्या देशातल्या पोहण्याच्या संस्कृतीवर संशोधन करून डॉक्टरेट मिळवली, आणि एकसष्टाव्या वर्षी निर्जन बेटावर तग धरण्याच्या टीव्ही स्पर्धेत तरुणांना मागे टाकून पहिली आली. तिने पाणी सोडलं नव्हतं. मोजणारं घड्याळ सोडलं होतं.

आणि नेस्टी? शतांशाने जिंकलेला तो मुलगा ज्या देशातून आला, तिथे ऑलिंपिक लांबीचा एकच तलाव होता. सुरिनामने त्याचं नाव एका क्रीडागृहाला दिलं, त्याचा चेहरा नाण्यावर छापला. तो मात्र अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठात शिकला आणि पुढे तिथेच काठावर उभा राहून शिकवू लागला. वर्षानुवर्षं सहायक म्हणून राबला, मग मुख्य प्रशिक्षक झाला. केटी लेडेकी, केलेब ड्रेसेल, बॉबी फिंक यांच्यासारखे जलतरणपटू त्याच्या हाताखाली सराव करू लागले. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो अमेरिकेच्या पुरुष जलतरण संघाचा मुख्य प्रशिक्षक होता, आणि तिथे फिंकने १,५०० मीटर १४:३०.६७ या जागतिक विक्रमासह जिंकलं. ज्या अमेरिकेच्या बियाँडीला त्याने हरवलं, त्याच अमेरिकेने आपला संघ त्याच्या हाती दिला. जिंकल्यानंतर त्याला पुढे जाण्याचा जो रस्ता मिळाला तो तलावाच्या काठानेच गेला. मला याचा हेवा वाटतो.

१९७२चा विषय निघाला आहे तर आपल्याकडच्या माणसाला वगळून पुढे जाता येणार नाही. महाराष्ट्रात ते साल दुष्काळाचं. विहिरी तळाला गेलेल्या, रोजगार हमीवर खडी फोडणारी माणसं. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला, म्युनिक ऑलिंपिकच्याही आधी, जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात अपंगांच्या जागतिक स्पर्धेत सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्ण जिंकलं, तेही जागतिक विक्रमासह. भारताचं पॅरालिंपिकमधलं हे पहिलं सुवर्ण. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिलं वैयक्तिक सुवर्ण मिळायला त्यानंतर छत्तीस वर्षं लागली.

पेटकर लष्करात होते, मुष्टियोद्धे होते. १९६५च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक मणक्यात अडकली आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. मुंबईच्या नौदल रुग्णालयात उपचार म्हणून त्यांना पाण्यात उतरवलं गेलं. १९६८च्या तेल अवीवच्या स्पर्धेला ते टेबल टेनिस खेळायला गेले होते. चारच वर्षांनी पोहण्याचं सुवर्ण. परत आल्यावर पुण्यात टेल्कोत नोकरी केली, संसार केला. आणि मग काळ नुसता जात राहिला. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनी. अर्जुन पुरस्काराचा जीवनगौरव जानेवारी २०२५ मध्ये, ऐंशी ओलांडल्यावर, तोही त्यांच्यावरचा हिंदी चित्रपट पडद्यावर येऊन गेल्यानंतर. सचिन नाग यांची कथा तर याहून वाईट. एशियाडमधलं देशाचं पहिलं सुवर्ण १९५१ मध्ये आणि ध्यानचंद पुरस्कार २०२० मध्ये. ते १९८७ सालीच गेले होते.

म्हणजे एकाला सन्मान म्हातारपणी मिळाला, एकाला मेल्यावर मिळाला आणि वीरधवलला तरुणपणी, वेळेवर मिळाला. तिघांत तोच नशीबवान, असं कोणालाही वाटेल आणि ते खोटंही नाही. तरी तिघांच्याही बाबतीत एक गोष्ट सारखीच दिसते. आपण खेळाडूच्या कामगिरीची किंमत चुकती करतो, कधी लवकर, कधी उशिरा, आणि चुकती केली की हिशेब मिटला असं समजतो. त्याच्यात अजून किती पोहणं शिल्लक आहे, हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच येत नाही.

जून २०२० मध्ये हा प्रश्न पुन्हा समोर आला. टाळेबंदीत मार्चपासून देशातले सगळे तलाव बंद होते. वीरधवलकडे टोकियो ऑलिंपिकची दुय्यम पात्रता वेळ होती, थेट पात्रतेसाठी २२.०१ हवी होती. इतर देशांतले पोहणारे पाण्यात परतले होते आणि इथे मात्र तलावांना कुलूप होतं. पाण्यात जाऊ दिलं नाही तर निवृत्तीचा विचार करावा लागेल, अशा आशयाचं त्याने तेव्हा जाहीरपणे लिहिलं. त्या वाक्यातली तगमग अनेकांना अतिरेकी वाटली. साथीत लोक मरत होते, हेही खरंच. पण अठ्ठाविसाव्या वर्षी स्प्रिंटरचे तीन महिने बुडाले, की ते परत मिळवायला वर्ष पुरत नाही, हे ज्याच्या खांद्यांना कळतं तोच असं लिहितो. टोकियोला तो जाऊ शकला नाही. साजन प्रकाश आणि श्रीहरी नटराज गेले, दोघेही थेट पात्रता मिळवून, भारतीय जलतरणात पहिल्यांदाच.

२०२३ सालच्या गोव्यातल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत वीरधवलने ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्ण जिंकलं आणि स्पर्धेतून निवृत्त होत असल्याचं सांगितलं. महिलांची तीच शर्यत जिंकली ऋजुता खाडे यांनी, त्याच्या पत्नीने. नवराबायको एकाच स्पर्धेत, एकाच शर्यतीत आपापल्या गटात पहिले. वीरधवल तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. पंधरा वर्षांपूर्वी बीजिंगला गेलेल्या मुलाने शेवटची मोठी शर्यत महाराष्ट्रासाठी, शेजारच्या राज्यात, जिंकून संपवली.

आता हे सगळं मागे वळून लिहिण्याचं कारण पुढच्या मुलांसाठी आहे. कोल्हापूरच्याच राधानगरी तालुक्यातला स्वप्नील कुसाळे रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि त्या नोकरीत राहून त्याने पॅरिसमध्ये नेमबाजीचं कांस्य आणलं. रेल्वेचं स्वतःचं क्रीडा मंडळ आहे, लष्कराचं आहे. तिथे खेळाडूची नेमणूक मुळात खेळण्यासाठी असते, रजेची आणि शिबिरांची रीत दशकांपासून बसलेली आहे, हुद्दा आणि सराव यांत निवड करायची वेळ सहसा येत नाही. महसूल किंवा पोलीस खात्यात थेट नियुक्ती मिळालेल्या खेळाडूलाही हे देता येईल. नेमणुकीच्या पत्रातच लिहावं, की पुढची दोन एशियाडं किंवा दोन ऑलिंपिक होईपर्यंत हा अधिकारी पूर्ण पगारावर सरावासाठी मोकळा राहील, त्याची सेवाज्येष्ठता धरली जाईल आणि परिविक्षा काळ त्यानंतर सुरू होईल. तालुका तोवर दुसरा अधिकारी सांभाळेल. अशी माणसं राज्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतात. त्यांच्या आठ वर्षांच्या पगाराने तिजोरीला भोक पडत नाही, आणि सातबाऱ्याच्या नोंदी त्यांच्यावाचून अडत नाहीत.